बेडपॅन दिलं तरी चादर भिजते? डाग कुठे पडलाय ते आधी बघा

मी घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या पेशंटची सेवा करते. कुणाला लकवा झालेला असतो, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं, कुणी कॅन्सरने अशक्त, तर कुणी नुसतंच फार म्हातारं. आजार निराळे असले तरी घरच्यांची पहिली तक्रार बहुतेक एकच असते: भांडं देतो, तरी रोज चादर बदलावी लागते. असं चार दिवस झालं की घरातले कंटाळून डायपर आणतात आणि भांडं पलंगाखाली सरकवून ठेवतात.

डायपरला माझा विरोध नाही. ज्यांना जाणीवच उरलेली नाही त्यांना तो लागतोच. पण ज्या माणसाला लघवी-संडासची भावना कळते, जो सांगू शकतो, त्याला ओल्यात झोपवून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. त्याची कातडी भिजून खराब होते आणि हळूहळू तो सांगायचंही सोडून देतो. बऱ्याच घरांत भांडं ठीक असतं, पेशंटही सहकार्य करत असतो. भांडं ठेवायची जागा, गादी किंवा पाठीचा उतार, यांतलं काहीतरी चुकत असतं. आणि काय चुकतंय ते डाग सांगतो.

घरात काय दिसतं

- चादर कमरेखाली, पाठीच्या बाजूला ओली होते.
- मांड्यांच्या खाली ओली होते, मागची बाजू मात्र कोरडी.
- नेहमी एकाच कुशीकडे ओघळ जातो.
- पेशंट भांड्यावर असेपर्यंत सगळं नीट, काढताना सांडतं.
- भांड्यावर कितीही वेळ ठेवलं तरी काही होत नाही, आणि काढलं की पाच मिनिटांत चादरीत होतं.
- दिवसभर थोडं थोडं पातळ होत राहतं.
- माकडहाडावर लाल चट्टा दिसतो किंवा कातडी सोललेली असते.
- पेशंट भांडं मागतच नाही आणि पाणी पिणंही कमी करतो.

खाली दिलेल्या गोष्टी बिनखर्चाच्या आणि सोप्यापासून अवघडापर्यंत लावल्या आहेत. एका वेळी एकच बदल करा आणि पुढच्या एक-दोन वेळा काय होतं ते बघा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

त्याआधी एक सांगते. पेशंटचं खुब्याचं किंवा मणक्याचं हाड मोडलेलं असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर कुशीवर वळवायचं का, कोणत्या कुशीवर, पाठ किती उचलायची, गुडघा किती वाकवायचा, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि तेवढंच करा. खालची कुठलीही युक्ती त्यांच्या सांगण्याच्या वर नाही.

डाग वाचा

पुढच्या वेळी चादर भिजली की लगेच ओढून बाजूला टाकू नका. पेशंटला कोरडं करा आणि मग क्षणभर बघा, ओल नेमकी कुठे आहे.

पाठीकडे ओल असेल तर दोनपैकी एक कारण असतं. भांडं पायांकडे जास्त सरकलेलं असतं, किंवा पेशंट अगदी सपाट झोपलेला असतो. सपाट झोपलेल्या बाईची लघवी खाली पडत नाही. ती कातडीला धरून कुल्ल्यांच्या घडीतून मागे वाहत जाते आणि भांड्याच्या मागच्या कडेवरून पाठीखाली पोचते. भांडं कितीही मोठं घेतलं तरी हा ओघळ थांबत नाही. पाठ उचलली की थांबतो.

मांड्यांखाली ओल असेल तर भांडं कमरेकडे जास्त वर गेलेलं असतं, किंवा लघवीची धार पुढच्या कडेच्या बाहेर पडत असते. पुरुषांच्या बाबतीत हे हमखास होतं. संडाससाठी भांडं दिलं की त्याच वेळी लघवीही होते आणि ती पुढे उडते. म्हणून पुरुष पेशंटला बेडपॅनबरोबर युरिन पॉटही लावून ठेवायचा. बायकांसाठी मऊ सुती कापडाची किंवा टिश्यूची घडी मांड्यांच्या मध्ये वरच्या बाजूला नुसती टेकवून ठेवली तर धार खाली वळते.

एकाच बाजूला ओल म्हणजे भांडं तिरकं होतंय. लकवा झालेल्या माणसाचा दुबळ्या बाजूचा पाय बाहेर लोळतो आणि त्याच्याबरोबर कंबरही कलते. त्या मांडीला बाहेरून उशी किंवा गुंडाळलेली चादर टेकवा. तरीही कलत असेल तर दोष गादीत आहे.

गादी

कापसाची जुनी गादी मध्ये बसलेली असते. नेमका तिथेच पेशंटचा सगळा भार असतो, त्यामुळे भांडं त्या खड्ड्यात रुततं आणि तोंड एकीकडे होतं. पेशंटला कुशीवर वळवलेलं असतानाच भांड्याच्या जागी घट्ट दुमडलेली सतरंजी किंवा जाड चादर सपाट घाला, त्यावर भांडं ठेवा. काम झालं की ती घडी काढायला विसरू नका. तशीच राहिली तर तिच्या कडेचा दाब रात्रभर एकाच ठिकाणी पडतो.

एअर बेडवर वेगळी अडचण येते. त्यातल्या नळ्यांमध्ये हवा आलटून पालटून भरत असते, म्हणून भांड्याखालची जागा मऊ-कडक होत राहते. काही पंपांवर हवा स्थिर ठेवायचं बटण असतं. ते नसेल तर दाबाचा खटका थोडा वेळ आधी जास्तीत जास्त कडकवर न्या. पेशंट परत नीट झोपला की खटका पूर्वीच्या जागी आणायचा. गादी कायम कडक ठेवली तर एअर बेड घेतल्याचा उपयोगच राहत नाही, कारण पाठीला जखम होऊ नये म्हणूनच तो घेतलेला असतो.

पाठ आणि गुडघे

आपल्याकडचे बहुतेक म्हातारे आयुष्यभर उकिडवं बसून परसाकडे गेलेले. उकिडवं बसलं की गुदाशयाचा वाकलेला मार्ग सरळ होतो आणि पोटाचा जोरही लागतो. उताणं झोपलं की तो मार्ग वाकडाच राहतो. मग माणूस भांड्यावर नुसता कुंथत राहतो आणि घरचे म्हणतात, "यांना होतच नाही." सपाट झोपून आपल्यालाही झालं नसतं.

डॉक्टरांची मनाई नसेल तर भांडं सरकवून झाल्यावर डोक्याकडची बाजू निम्मी तरी उचला, जमलं तर पेशंट जवळजवळ बसता होईल इतकी. गुडघे वाकवून पावलं गादीवर टेकवा. फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडची बाजू वर-खाली होणारा दवाखान्यातल्यासारखा पलंग, असेल तर दांडा फिरवला की झालं. साधा पलंग असेल तर पाठीमागे तक्का आणि उशांची उतरण करा, किंवा एक लाकडी खुर्ची उलटी करून तिची पाठ उतारासारखी येईल अशी डोक्याकडे ठेवा आणि तिच्यावर उशा रचा. आधी हाताने दाबून बघा, खुर्ची सरकत नाही ना.

कमरेच्या पोकळीत टॉवेलची छोटी घडी घातली तर पेशंट अंग सैल सोडतो. भांड्याच्या कडेवर कंबर अधांतरी राहिली की दुखते, आणि दुखत असताना संडास होत नाही.

भांडं ठेवणं आणि काढणं

सगळ्यात जास्त चादरी इथेच भिजतात आणि सगळ्यात जास्त कातडीही इथेच सोलते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधी सगळं हाताशी घ्या: ग्लोव्हज, भांडं आणि त्याचं झाकण, कोमट पाणी, टिश्यू किंवा सुती फडकी, कोरडं फडकं, पांघरायला चादर, कचऱ्याची पिशवी. पेशंटला भांड्यावर ठेवून तुम्ही टिश्यू शोधायला गेलात तर तेवढ्यात तो एका बाजूला कलंडू शकतो. गादीवर मॅकिंटॉश, म्हणजे ते रबरी कापड, आणि त्यावर आडवी सुती चादर हवीच. रबराला कातडी थेट लागू देऊ नका, घाम धरतो. अंडरपॅड असेल तर तोही चालतो. आडव्या चादरींसाठी जुनं नऊवारी लुगडं किंवा धोतर फाडून केलेले तुकडे मला आजही सगळ्यात चांगले वाटतात. मऊ असतात, पाणी शोषतात आणि पावसाळ्यात पंख्याखाली लवकर वाळतात.

स्टीलचं भांडं गार असतं. गार धातू अंगाला लागला की स्नायू आखडतात. गरम पाण्याने विसळून, पुसून, आपल्या मनगटाला लावून बघा आणि मग द्या. तळाशी थोडं पाणी किंवा टिश्यूचा तुकडा टाकला की नंतर घासायला सोपं जातं. कातडी धड असेल तर कडेला अगदी किंचित पावडर लावली की भांडं चिकटत नाही. जखम असेल तिथे पावडर अजिबात नको.

आता दिशा. साध्या बेडपॅनची रुंद, गोलाकार, बसायची कड पाठीकडे येते आणि निमुळती, उघडी बाजू पायांकडे. एक दुसरा, चपटा प्रकार मिळतो, त्याला फ्रॅक्चर पॅन म्हणतात. त्याचं पातळ, सपाट टोक पाठीखाली सरकवायचं आणि मूठ पायांकडे ठेवायची. हा पॅन मूठ डोक्याकडे करून उलटा दिलेला मी पुष्कळ घरांत बघते.

डोक्याकडची बाजू आधी सपाट करा. पेशंटला थोडा जोर असेल तर दोन्ही गुडघे वाकवून, पावलं रोवून कंबर उचलायला सांगा. दुबळं पाऊल आपण हाताने धरून ठेवायचं. तुमचा एक हात कमरेखाली आधाराला, दुसऱ्या हाताने भांडं आत. जोर नसेल तर कुशीवर वळवा. वळवताना खांदा आणि कंबर धरायची, हात धरून ओढायचं नाही. लकव्याच्या बाजूचा हात ओढला तर खांदा निखळू शकतो. पेशंट कुशीवर असताना भांडं कुल्ल्यांना नीट बसवा, कुल्ल्यांची घडी जिथे सुरू होते तिथे भांड्याची मागची कड यायला हवी. मग एका हाताने भांडं गादीकडे दाबून धरत त्याला हळूच उताणं करा. त्यानंतर पाठ उचला आणि खाली वाकून एकदा बघा, भांडं सरळ आहे ना, कातडी कुठे चिमटली नाही ना. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, असेल तर ती भांड्याखाली दबलेली नको, आणि वळवताना लघवीची पिशवी ओढली जायला नको. ती पिशवी कायम ओटीपोटाच्या खालच्या पातळीला असते.

काढताना उलट क्रम. पाठ सपाट, मग एक हात भांड्यावर दाबून ते गादीवर स्थिर धरा आणि पेशंटला त्याच्यावरून पलीकडे कुशीवर वळवा. माणूस भांड्यावरून उतरवायचा, भांडं माणसाखालून ओढायचं नाही. ओढलं की भरलेलं भांडं हिंदकळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे माकडहाडावरची नाजूक कातडी घासली जाते. भांडं काढलं की झाकण घालून लगेच खाली खुर्चीवर ठेवा. पलंगावर नाही.

तुमच्या कमरेचाही विचार करा. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून उंच करा, पण पलंग डगमगत नाही याची खात्री करूनच. दोन माणसं असतील तर एकट्याने हट्ट करू नका.

पाणी आणि स्वच्छता

आपल्याला पाण्याशिवाय स्वच्छ वाटत नाही, ते खरंच आहे. पण भांड्यावर असतानाच मगाने पाणी ओतलं की आधीच भरलेलं भांडं काठोकाठ होतं आणि काढताना सांडतं. "काढताना सांडतं" या तक्रारीत मी पाणी किती वापरता ते आधी विचारते. आधी टिश्यूने किंवा ओल्या फडक्याने बहुतेक सगळं पुसून काढा. मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून त्यातून थोडं कोमट पाणी सोडा. शेवटी कुशीवर वळवून पुन्हा ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं टिपून घ्या. घासायचं नाही.

बायकांना नेहमी पुढून मागे पुसायचं, आणि प्रत्येक वेळी फडक्याचा नवा भाग. संडासातले जंतू पुढे गेले तर लघवीचा संसर्ग होतो. म्हाताऱ्या माणसात असा संसर्ग कधी कधी नुसत्या अचानक आलेल्या भ्रमातून दिसतो, ताप नंतर येतो.

रोज ओल लागत असेल तर कोरड्या कातडीवर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. माकडहाड लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. लाली क्षणभर जाऊन परत आली तर दाब कमी करायची वेळ आहे. दाबूनही जात नसेल तर ती पाठीच्या जखमेची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, जागा जांभळट किंवा काळपट होते, हाताला गरम आणि घट्ट लागते. तिथे मालिश करू नका, आणि मध्ये भोक असलेली रबरी गोल उशीही घालू नका. तिने कडेचा रक्तपुरवठा आणखी दबतो.

भांडं संडासात रिकामं करा, आधी गार पाण्याने विसळा, मग साबण आणि त्यासाठीच ठेवलेल्या ब्रशने घासा. घरात जुलाब चालू असतील तर धुतल्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, असं दहा मिनिटं ठेवून परत विसळा. स्टीलचं भांडं त्यात जास्त वेळ बुडवून ठेवू नका, गंजतं. लघवी असलेल्या भांड्यात थेट ब्लीच ओतायचं नाही आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळायचं नाही. विषारी वायू तयार होतो. छोट्या बंद मोरीत तर फारच धोका. भांडं शक्यतो उन्हात वाळवा.

चाळीत संडास बाहेर असतो. तिथे झाकण घट्ट बसणारं भांडं घ्या, निम्म्याच्या वर भरू देऊ नका, आणि सोबतच्याला आधी पाठवून रांग नाही ना ते बघून निघा. पेशंटची लाज निम्मी तिथेच वाचते.

ग्लोव्हज काढल्यावरही साबणाने हात धुवायचे. अँटिबायोटिक चालू असताना लागणाऱ्या काही जुलाबांचे जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण-पाण्याने धुऊन जातात.

वेळ, लाज, पाणी कमी पिणं

भांड्यावर दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. झालं नाही तर काढा आणि अर्ध्या तासाने परत द्या. जास्त वेळ कुंथणं हृदयाच्या पेशंटला घेरी आणू शकतं आणि कडेचा दाब कातडीला बाधतो. खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपसूक वाढते, म्हणून चहा-नाश्त्यानंतर वीस मिनिटं ते अर्ध्या तासाने दिलेलं भांडं सर्वात जास्त उपयोगी पडतं. लघवीसाठी दर दोन-तीन तासांनी आपणहून विचारा. तो मागेल याची वाट बघू नका.

सासऱ्यांनी सुनेकडे भांडं मागणं त्यांना किती जड जातं ते मी जवळून बघते. एका आजींनी मला सांगितलं होतं, "पाणी प्यायले की पोरीला उठावं लागतं गं, म्हणून घोटभरच घेते." अशी माणसं लघवी रोखून धरतात, मग लघवी गडद होते, जळजळ होते, संडास घट्ट होतो, आणि शेवटी धीर सुटून चादरीतच होतं. त्यामुळे भांडं कोण देणार हे पेशंटलाच विचारा. दार लावा, कमरेपासून चादर पांघरा, पाहुण्यांसमोर विषय काढू नका. पेशंट शुद्धीत आणि स्थिर असेल तर हाताशी घंटा देऊन बाहेर थांबा: "बाबा, मी दाराशीच आहे, झालं की वाजवा." भ्रम असलेल्याला किंवा कलंडणाऱ्याला मात्र एकटं सोडायचं नाही, तोंड फिरवून तिथेच थांबायचं.

आतून अडलंय का

इथपर्यंतचं सगळं नीट असूनही दिवसभर थोडं थोडं पातळ होत असेल तर थांबा आणि मागच्या आठवड्यात नीट संडास कधी झाला होता ते आठवा. अनेकदा आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत असतं. घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि जुलाब थांबवायची गोळी दिली जाते. त्याने गोळा आणखी पक्का होतो. असं वाटलं तर गोळी न देता डॉक्टरांना कळवा. तपासून, गरज असेल तर एनिमा, हे त्यांचं किंवा नर्सचं काम. घरच्यांनी बोट घालून काढायचा प्रयत्न करू नये.

ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांनी बद्धकोष्ठ होतं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पपई, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी, मऊ खिचडीत भाजी, हे चालतं. इसबगोलाबरोबर भरपूर पाणी लागतं. गिळायला त्रास असलेल्याला तो देऊ नका, घशात अडकतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला पाणी किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील.

खर्चाचा उपाय

एवढं करूनही जमत नसेल तर वस्तू बदला. कंबर उचलता येत नाही, खूप दुखतं, खूप कृश आहे, त्यांना फ्रॅक्चर पॅन सोपा जातो. भारी अंगाच्या माणसाला मात्र तो उथळ पडतो आणि लगेच भरतो. प्लास्टिकचं भांडं तडकलं असेल तर चिकटवत बसू नका, टाकून द्या, त्याची फट कातडीला चिमटे काढते.

पलंगाच्या कडेला पाय सोडून काही मिनिटं बसू शकणाऱ्या पेशंटसाठी मी भांड्यापेक्षा कमोड खुर्चीच सुचवते. बसून होणारं काम झोपून होत नाही. खुर्ची, फाउलर बेड, एअर बेड विकत घ्यायलाच हवा असं नाही. बऱ्याच शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत ठेवून वापरायला मिळतो. पहिल्यांदा खुर्चीवर बसवताना फिजिओथेरपिस्टना समोर ठेवा. त्यांनी एकदा हात कुठे धरायचा ते दाखवलं की पुढे घरच्यांना जमतं.

इथे थांबा आणि बोलवा

पुढचं काही दिसलं तर भांड्याचे प्रयोग बंद. लगेच १०८ ला फोन करा किंवा दवाखान्यात न्या:

- वळवताना खुब्यात अचानक तीव्र कळ आली, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला. परत हलवू नका.
- कुंथताना छातीत दुखलं, घेरी आली, सपाट झोपवल्यावर दम लागला.
- पोट फुगून कडक झालंय, उलट्या होतायत, संडास आणि वायू दोन्ही बंद.
- डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा संडास, किंवा ताजं रक्त. लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो, पण चिकटपणा आणि तो वास असेल तर गोळीवर ढकलू नका.
- सहा-आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट फुगलंय.
- मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या पेशंटला भांड्यावर असताना अचानक फुटेल असं डोकं दुखलं, चेहरा लाल, घाम. त्याचा रक्तदाब धोक्याच्या पातळीला जात असतो. भांडं लगेच काढा, पाठ उचलून बसतं करा, कॅथेटरची नळी पिळली आहे का बघा आणि तातडीने न्या.

थंडी वाजून ताप, अचानक भ्रम, दाबूनही न जाणारी लाली, फुटलेली कातडी, तीन-चार दिवस संडास नाही, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा नर्सशी बोला.

फोन करताना या गोष्टी समोर ठेवा: शेवटचा संडास कधी आणि कसा झाला, शेवटची लघवी कधी आणि रंग कोणता, ताप किती, चालू गोळ्यांची यादी, आणि चट्टा असेल तर त्याचा उजेडात काढलेला फोटो. यासाठी पलंगाजवळ एक वही टांगून ठेवा. भांडं कितीला दिलं, काय झालं, ओल कुठे पडली, एवढंच लिहायचं. रात्रपाळीला दुसरं माणूस असेल तर त्यालाही लिहायला सांगा, आणि दवाखान्यात जाताना ती वही फाइलबरोबर न्या.